पहिली-दुसरीच्या गणित-विज्ञानात मुलं नेमकं शिकतात तरी काय?

भरदुपार
मुलगी दुसरीत आहे. परवा तिची गणित-विज्ञानाची पुस्तकं सहज चाळली आणि खरं सांगते, दहा मिनिटांत संपली. गणितात शंभरपर्यंतचे आकडे, दोन अंकी बेरीज-वजाबाकी, चौकोन-त्रिकोण, पट्टीने मोजणं, घड्याळ. विज्ञानात सजीव-निर्जीव, पाणी, हवा, झाडाचे भाग, दिवस-रात्र. बस्स. एवढ्यासाठी अख्खं वर्ष? (वर्ष कसलं, दोन वर्षं, कारण पहिलीतही साधारण हेच होतं, फक्त आकडे लहान.) नवऱ्याचं म्हणणं की घरी पुढचं सुरू करू, तीन अंकी गणितं, पाढे, पोरीला जमतंय तर कशाला थांबायचं. मला ते पटतंही आणि पटत नाहीही. ज्यांची मुलं या वयातून गेलीयेत किंवा जे शिकवतात त्यांनी सांगा, या वयात मुलं यात खरंच काय शिकत असतात? आणि घरी आपण काय करावं?

कोरा_कागद
वाचतेय. माझा पुढच्या वर्षी पहिलीत, त्यामुळे रांगेत पुढची मीच.

खडूफळा
मी याच वर्गांना शिकवते त्यामुळे राहवलं नाही. दहा मिनिटांत संपली कारण तुम्हाला ते सगळं आधीच येतं, आणि कधी शिकलो होतो ते आपल्यापैकी कुणालाच आठवत नाही.

मोजणंच घ्या. तीन वर्षांचं पोर एक ते दहा घडाघडा म्हणतं, घरात कौतुक होतं. त्याला म्हणा, मला पाच बटणं दे. मूठ भरून देईल. कारण म्हणून दाखवणं वेगळं आणि मोजणं वेगळं. गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्याचे पाच नियम मांडले होते. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, शेवटचा आकडा म्हणजे एकूण किती, कुठल्याही वस्तू मोजता येतात, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. आता तुम्ही म्हणाल यात शिकायचं काय. पण सहा बटणं मोजून झाल्यावर "मग किती आहेत?" विचारलं की जे पोर परत एकपासून मोजायला लागतं त्याला तिसरा नियम अजून कळलेला नसतो. पहिलीत सुरुवातीला अशी दोन-तीन मुलं वर्गात असतातच.

आणि ते ओळींचं पण करून बघा. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर सहा-सहा बटणांच्या दोन ओळी समोरासमोर लावा, सारखी आहेत म्हणेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांब पसरवा आणि विचारा. बहुतेक मुलं लांब ओळीत जास्त म्हणतात. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा प्रसिद्ध प्रयोग आहे.

उलटतपासणी
पियाजेच्या त्या प्रयोगावर नंतर बरीच टीका झालीय हो ताई, ती पण सांगा की. मोठ्या माणसाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मुलाला वाटतं पहिलं उत्तर चुकलं असणार, म्हणून ते बदलतं. १९७० च्या दशकात मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी तोच प्रयोग केला पण ओळ विस्कटायचं काम एका खोडकर टेडीला दिलं, तर कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितलं.

माझा मुद्दा असा की हे मोजण्याबिजण्याचं मूल आपसूक शिकतं, त्यासाठी शाळा लागत नाही. शाळेने जे आपसूक येत नाही ते द्यावं, म्हणजे पाढे आणि भरपूर सराव. आजकाल "समज समज" करून पोरांना पाचवीत पण ७ × ८ बोटांवर मोजावं लागतं.

खडूफळा
टेडीचं मान्य. पण टेडी आणूनही सगळी मुलं बरोबर आली नव्हती. आणि आपसूक येतं हे ज्या घरात दिवसभर कुणीतरी मुलाशी बोलतं, जिने चढताना पायऱ्या मोजतं, त्या घरातलं झालं. बाकीच्यांना शाळेतच मिळतं ते.

मोजपट्टी
आमच्या चिरंजीवांचा किस्सा. ६२ − ३८ = ३६. मी म्हटलं कसं रे, तर म्हणे आठातून दोन गेले सहा, सहातून तीन गेले तीन. म्हणजे मोठ्यातून लहान वजा करायचं हा नियम त्याने पाळला, फक्त प्रत्येक घरात वेगवेगळा पाळला! वही उलटी चाळली तर सगळीकडे हेच, आणि ज्या गणितात हातचा लागत नाही ती सगळी बरोबर, त्यामुळे दहापैकी सात मार्क मिळायचे आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

त्याला सराव कमी पडत नव्हता, उलट चुकीचाच सराव पक्का होत होता. ६२ म्हणजे सहा आणि दोन नव्हे, सहा दहा आणि दोन सुटे हे डोक्यात नव्हतं. शेवटी काड्यांचे दहा-दहाचे जुडगे रबरबँड लावून केले. दोनातून आठ जात नाहीत, मग एक जुडगा सोड, आता बारा सुटे झाले, त्यातून आठ काढ. रबरबँड स्वतःच्या हाताने सोडल्यावर ट्यूब पेटली. काड्यांशिवाय करायला लागायला मात्र बराच वेळ गेला, आणि मधे एकदा परत ३६ आलंच.

@भरदुपार, तीन अंकी सुरू करायच्या आधी लेकीला ५०२ − ७ नका देऊ, आधी ५२ − ७ तोंडी विचारा आणि कसं केलंस ते सांगायला लावा.

शेवंती
+१ मोजपट्टी. शिवाय आपल्याकडे ४७ बोलताना सात आधी आणि चाळीस नंतर, मग पोरं ७४ लिहितात. जर्मन मुलांचंही तेच होतं म्हणे, त्यांच्याकडेही सुटे आधी बोलतात. त्यावर ओरडू नये एवढंच.

मला लिहायचं होतं ते बरोबरच्या चिन्हाबद्दल. मुलांना हे द्या:

८ + ४ = □ + ५

बहुतेक जण चौकटीत १२ लिहितात. काही जण सगळ्यांची बेरीज करून १७. ७ लिहिणारे कमी. अमेरिकेत १९९० च्या दशकात हा प्रश्न सहावीपर्यंतच्या मुलांना दिला होता आणि तिथेही १२ आणि १७ चाच पाऊस. कारण मुलांसाठी = म्हणजे "आता उत्तर लिहा". वर्षानुवर्षं तेच पाहिलेलं असतं ना, डावीकडे गणित उजवीकडे रिकामी जागा. दोन्ही बाजू सारख्या आहेत हा अर्थच पोचत नाही, आणि मग सातवी-आठवीत समीकरणं आली की "अचानक" गणित अवघड होतं. अचानक वगैरे काही नसतं, दुसरीतलं देणं तेव्हा वसूल होतं.

उपाय फुकट आहे. कधी ७ = ३ + ४ असं लिहा. कधी ५ = ५. कधी ४ + ३ = ३ + ४ आणि खरं की खोटं विचारा. माझी भाची "५ = ५ असं गणित नसतंच" म्हणून भांडली होती, तिला म्हटलं का नसतं ते सांग, तर म्हणे यात करायचं काय असतं.

अवांतर: हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ मध्ये पहिल्यांदा वापरलं. दोन समांतर सारख्या रेघांइतकं सारखं दुसरं काही नाही म्हणून. म्हणजे ज्याने काढलं त्यालाही बिचाऱ्याला "उत्तर लिहा" असं म्हणायचं नव्हतं.

भुंगा
एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत. तर कप्तानाचं वय किती?

कोरा_कागद
३६.

भुंगा
@कोरा_कागद धन्यवाद, तुम्ही पण गळाला लागलात 😀 हा प्रश्न १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये प्राथमिकच्या मुलांना दिला होता आणि बहुतेकांनी आकडे जोडून उत्तर दिलं होतं. २०१८ मध्ये चीनमधल्या एका जिल्ह्याच्या पाचवीच्या पेपरात पण तो आला आणि इंटरनेटवर धुमाकूळ झाला. मुलं यावरून नेमकं काय शिकलीयेत ते कळतं. गणितात दोन आकडे दिले की त्यांचं काहीतरी करायचं आणि प्रश्न वाचायचा नाही.

कोरा_कागद
मी मुद्दाम लिहिलं हो. (हे कुणालाही पटणार नाहीये ते माहितीये.)

उलटतपासणी
सगळं छान छान. पण माझ्या मूळ मुद्द्याला कुणी हात लावला नाही. पाढे पाठ हवेत की नकोत? ज्याला ६ + ७ ला विचार करावा लागतो त्याचं डोकं मोठ्या गणितात त्यातच अडकतं, पुढची पायरी विसरतो. मोजपट्टी साहेबांच्या चिरंजीवांनाही बारातून आठ गेले चार हे तोंडपाठ असतं तर काड्या लवकर सुटल्या असत्या.

गुणाकार
नाव बघता यावर बोलणं भाग आहे. उलटतपासणी बरोबर आहेत, पाठ हवंच. फक्त पाठ किती करायचं ते बघा. दहा पाढे म्हणजे शंभर ओळी म्हणून पोरं घाबरतात. पण ३ × ७ आणि ७ × ३ एकच, हे एकदा बटणांच्या तीन रांगा मांडून कागद आडवा फिरवून दाखवलं की शंभराच्या ५५ होतात. एक, दोन, पाच, दहाचे पाढे पोरांना असेच येतात, ते काढले की उरल्या २१. नऊ म्हणजे दहा पटीतून एकदा कमी, तेही काढा, उरल्या १५. पंधरा गोष्टी पाठ करायला कुणाची ना नाही. त्यातली सगळ्यात छळवादी ७ × ८, ती ५, ६, ७, ८ अशी लक्षात ठेवा, ५६ = ७ × ८.

बेरजेतही हेच. ८ + ५ करताना पाचातले दोन आठाला दिले, दहा झाले, उरले तीन, तेरा. दहाच्या जोड्या (९-१, ८-२, ७-३...) झोपेतून उठवून विचारल्या तरी यायला हव्यात. हे पाठांतर की समज? मला तरी दोन्ही एकाच वेळी होताना दिसतात, त्यामुळे हा वाद मला कायम फुकटचा वाटत आलाय.

उलटतपासणी
१५ चं गणित आवडलं. ७ × ८ ची युक्ती मला आजच कळली, वय सांगत नाही.

भुंगा
३६?

ढगाळ
हसून हसून पुरेवाट. पण मंडळी, धागा गणित आणि विज्ञानाचा आहे, विज्ञान गेलं कुठे? नेहमीप्रमाणे दुसऱ्या बाकावर.

मी एका सुट्टीतल्या शिबिरात सात-आठ वर्षांच्या मुलांबरोबर काम करतो. मुलांना विचारलं स्वेटर गरम असतो का, तर सगळे एका सुरात हो. मग थर्मामीटर स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवू, किती चढेल? कुणी म्हणालं पन्नास, कुणी शंभर. ठेवला. काही वेळाने काढला तर पारा होता तिथेच. आता इथे मला वाटलं गडी जिंकला, पण नाही! "अजून वेळ ठेवायला हवा होता." रात्रभर ठेवला. तरी तेच. "मधे हवा शिरली असेल." मग टोपीत ठेवला, रजईत ठेवला, गाठ मारून ठेवला. मुलं हार मानायला तयारच नाहीत, कारण त्यांचा आयुष्यभराचा (सात वर्षांचा का होईना) अनुभव सांगतो की स्वेटर घातला की गरम होतं.

मग दुसरं केलं. बर्फाचे दोन सारखे तुकडे, एक उघडा, एक लोकरीत गुंडाळलेला. कुठला आधी वितळेल? अर्थातच लोकरीतला, गरम असते ना ती! आणि वितळला उघडा आधी. तेव्हा मात्र शांतता. एका मुलीने बऱ्याच वेळाने विचारलं, "म्हणजे स्वेटर आतलं आतच ठेवतो?" हे वाक्य पुस्तकात आयतं वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं आणि परीक्षेपुरतं टिकलं असतं. भरदुपार, वर्ष कशाला लागतं याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. मुलं रिकाम्या डोक्याने येत नाहीत, त्यांच्याकडे आधीच सगळ्याचं स्पष्टीकरण तयार असतं, आणि बऱ्याचदा ते चुकीचं पण अगदी तर्कशुद्ध असतं.

निळी_शाई
ढगाळ, प्रतिसाद प्रचंड आवडला. यावरून आठवलं, व्होस्नियाडू आणि ब्रूअर यांचा १९९२ चा अभ्यास आहे, मुलांना पृथ्वीचा आकार विचारला होता. गोल म्हणाली बहुतेक. मग पुढचे प्रश्न विचारले, सरळ चालत राहिलं तर कुठे पोचशील, कडेवरून पडशील का, वगैरे. तर काही मुलांची पृथ्वी थाळीसारखी गोल, काहींच्या मनात पोकळ चेंडू आणि आपण त्याच्या आत सपाट जमिनीवर, वर आकाश. आणि काहींच्या तर चक्क दोन पृथ्व्या, एक आपण राहतो ती सपाट आणि दुसरी वर आकाशात गोल, मोठी माणसं सांगतात ती! "पृथ्वी गोल आहे" हे वाक्य सगळ्यांनी बरोबर लिहिलं असतं, पैकीच्या पैकी.

माझ्या मुलाला विचारलं तर त्याची पोकळ चेंडूवालीच निघाली. त्याने चित्रही काढून दिलंय, चेंडूला बाहेर जायला दार आहे, अंतराळवीरांसाठी.

सांजसकाळ
दार 😂😂

मोजपट्टी
मोठ्यांचं पण काय वेगळं असतं? ऑफिसात कुणालाही विचारा उन्हाळा का येतो, दहातले सहा म्हणतील पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून.

सांजसकाळ
म्हणजे? नाही जात?

मोजपट्टी
जाते की, पण जानेवारीच्या सुरुवातीला सगळ्यात जवळ असते, साधारण १४.७ कोटी किमी. जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५.२ कोटी. उत्तर गोलार्धात नेमकं उलटं झालं ना. आणि त्याच वेळी दक्षिण गोलार्धात उलटा ऋतू असतो, अंतराने होत असतं तर सगळीकडे एकदमच उन्हाळा आला असता. कारण आहे आस साडेतेवीस अंशांनी कललेली असते ते. कलल्यामुळे किरणं उभी पडतात आणि दिवसही मोठा होतो.

सांजसकाळ
माझं शालेय शिक्षण व्यर्थ गेलं. चंद्राच्या कला तरी पृथ्वीच्या सावलीमुळे असतात ना?

निळी_शाई
नाही 😬 ते ग्रहण. कला म्हणजे चंद्राचा उजेडातला अर्धा भाग आपल्याला किती दिसतो ते. अंधाऱ्या खोलीत एक दिवा आणि हातात चेंडू, चेंडू डोक्याच्या थोडा वर धरून स्वतःभोवती फिरा, सगळ्या कला दिसतात. मुलांना हे दाखवायच्या आधी नुसता चंद्र बघायला लावा, रोज कुठे आणि किती दिसतो त्याचं चित्र. दिवसाही चंद्र दिसतो हाच अर्ध्या मुलांना धक्का असतो.

उलटतपासणी
माफ करा पण परत वाकडं बोलतो. हे स्वेटर आणि बर्फ शिबिरातल्या मूठभर पोरांबरोबर ठीक. वर्गात चाळीस असतात. शिक्षकाने प्रत्येकाच्या डोक्यातली पृथ्वी तपासत बसायची का? पोर्शन कोण संपवणार?

खडूफळा
प्रश्न रास्त आहे. सगळं असं होत नाही, खोटं कशाला सांगू. झाडाच्या भागांची नावं मी सरळ सांगते आणि पाठ करून घेते, त्यात शोधण्यासारखं काही नाही. पण वर्षात चार-पाच गोष्टी निवडते ज्या नुसत्या सांगून शिरतच नाहीत. उदाहरणार्थ चुंबक. प्रत्येक गटाला एक चुंबक आणि एक डबा, डब्यात खिळा, तांब्याची तार, अॅल्युमिनियमचा कागद, पितळी बटण, लाकूड, स्टीलचा चमचा. आधी चिकटेल-नाही चिकटेल लिहायचं, मगच लावून बघायचं. सगळे धातू चिकटणार ही सगळ्यांची खात्री. मग तांबं नाही, पितळ नाही, अॅल्युमिनियम नाही, आणि गोंगाट सुरू. स्टीलच्या चमच्याची गंमत अशी की कुठला चिकटतो कुठला नाही, त्यावर मारामारी होते आणि मी मुद्दाम दोन्ही ठेवते.

यातलं महत्त्वाचं काय विचाराल तर "आधी लिहायचं". न लिहिता केलं की नंतर प्रत्येक जण म्हणतो मला माहीतच होतं.

दुसरं म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बी रुजायला उजेड लागतो का? मुलं एक कुंडी अंधारात ठेवतात आणि तिला पाणीही घालत नाहीत, मग म्हणतात बघा, उजेड लागतो! दोन्हीला सारखं पाणी दिलं तर बऱ्याच बिया अंधारातही रुजतात, उलट अंधारातलं रोप लांबुडकं आणि पिवळट होतं. मग खरा प्रश्न येतो की पिवळं का. सात वर्षांच्या मुलाला "तू दोन गोष्टी बदलल्यास" हे दुसऱ्या मुलाला सांगता आलं की माझ्यासाठी वर्ष वसूल.

ढगाळ
झाडावरून, १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेला व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञाचा विलोच्या झाडाचा प्रयोग मोठ्या मुलांना भारी आवडतो. २०० पौंड वाळलेली माती, ५ पौंडाचं रोप, पाच वर्षं फक्त पाणी. झाड १६९ पौंड झालं आणि माती कमी झाली जेमतेम दोन औंस. त्याने निष्कर्ष काढला की सगळं झाड पाण्यातून आलं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याच्या डोक्यातही आला नाही. झाड मातीतून "जेवतं" असं आपलं पोरगं म्हणालं तर त्यात एवढं दचकायला नको.

भरदुपार
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले, नवऱ्यालाही वाचायला लावले. काल लेकीला शेवंतींचं ८ + ४ = □ + ५ दिलं. तिने १२ लिहिलं. मग नवऱ्याने ३४७ + २८९ दिलं तर ते उभं मांडून हातच्यासकट बरोबर केलं! म्हणजे आता काय म्हणायचं, पुढे आहे की मागे? ५२ − ७ तोंडी मात्र छान केलं, म्हणाली आधी दोन काढले मग पाच. हे तिला शाळेत शिकवलं नव्हतं म्हणे.

शेवंती
पुढेही आणि मागेही. बहुतेक सगळी मुलं तशीच असतात. "दोन काढले मग पाच" हे मला त्या तीन अंकीपेक्षा जास्त आवडलं. तिला म्हणा १२ + ५ किती? सतरा. आणि ८ + ४? बारा. मग दोन्ही बाजू सारख्या आहेत का? एवढंच विचारून गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, पण बसा.

गुणाकार
आणि नवऱ्याला पाढे करू द्या की. १५ ओळींनी कुणाचं वाईट होत नाही. फक्त घड्याळ लावून घेऊ नका.

निळी_शाई
एक भर घालते. शिकागो विद्यापीठाच्या लोकांचा २०१५ चा पहिली-दुसरीच्या मुलांवरचा अभ्यास आहे. ज्या आईबापांना स्वतःला गणिताची धास्ती असते आणि जे वरचेवर गृहपाठात मदत करतात, त्यांची मुलं वर्षभरात कमी शिकली आणि मुलांची धास्ती वाढली. धास्ती असूनही जे फारशी मदत करत नव्हते त्यांच्या मुलांना हा फटका दिसला नाही. तर ज्याला गणित आवडतं त्याने बसावं, दुसऱ्याने पट्टी घेऊन टेबल मोजावं. पट्टी शून्यापासून लावायची, एकपासून नाही, हे पण शिकावं लागतं बरं का.

भरदुपार
मग गणित नवरा, स्वेटर-बर्फ मी. ठरलं. दोन महिन्यांनी येऊन लिहीन काय झालं ते.

कोरा_कागद
जाता जाता, माझ्या पाच वर्षांच्या पोराचा प्रश्न: शून्य सम की विषम? मी "झोप आता" म्हटलं.

गुणाकार
सम. दोन सारखे वाटे होतात आणि उरत काहीच नाही. एक, तीन या दोन विषमांच्या मधेच सम येतो तसा उणे एक आणि एकच्या मधे शून्य. पण त्याला वाट्यांचंच सांगा, दोघांना शून्य-शून्य गोट्या, भांडण नाही.

कोरा_कागद
सांगितलं. आता दोघं भावंडं मिळून माझ्याशी भांडतायत, गोट्या का नाहीत म्हणून.